गप्प बसवणारा निरोप

११ जानेवारी

आत्या,

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतेस. मागच्या वेळी मी ‘नोकरी लागली’ म्हटलं आणि तू बाबांना सांगितलंस की मुंगीला ठोकर लागली. म्हणून हे पत्र. जन्मभर लोकांना पोहायला शिकवून तुझ्या कानात पाणी भरलंय ना, मग कोरडं काहीतरी घे.

तर मला नोकरी लागली आहे, प्रयोगशाळेत. हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर. लांबट खोली, दोन्ही बाजूंना ओटे आणि खिडकीपाशी एक उबदार कपाट. त्या कपाटात चपट्या बशांमधून यकृताच्या कॅन्सरच्या पेशी वाढतात. त्यांना वेळेवर गुलाबी पाणी पाजायचं, गर्दी झाली की अर्ध्या दुसऱ्या बशीत हलवायच्या, सर्दी-पडसं जपायचं. थोडक्यात मी आया आहे, आणि सांभाळायला मिळालेली मुलं दुष्ट आहेत.

आमचं काम एका रसायनावर चालतं. त्याचं नाव गाबा. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, त्यातले काही ‘ऊठ, पळ’ असे असतात. गाबाचा निरोप ‘गप्प बस’ असा. तो नसता तर आपल्या सगळ्यांच्या डोक्यात कायम लग्नघर असतं. पण हे रसायन फक्त मेंदूत राहत नाही. यकृतातही असतं, आणि यकृताच्या काही गाठींमधल्या पेशींना तो निरोप घ्यायला एक वेगळीच खिडकी फुटलेली असते. त्या खिडकीतून ‘गप्प बस’ आत गेलं की त्या ऐकतात ‘वाढ’. आमच्या बशांमध्ये आम्ही गाबा घातलं तर पेशी भराभर वाढतात, आणि खिडकी बंद केली की रेंगाळतात. दुसऱ्या काही लोकांना दुसऱ्या खिडकीतून उलटं दिसलंय, त्यामुळे आमच्या धंद्यात यावरून बरीच भांडणं आहेत. तुला आवडेल असं वातावरण.

आमच्या मुख्य बाई फार कमी बोलतात. पहिल्या दिवशी मी शहाणपणाने म्हटलं, ‘हे शांत करणारं रसायन आहे ना?’ तर त्या म्हणाल्या, ‘कुणाला शांत करणारं, ते आधी विचार.’ मग परत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

पित्ताचा खडा काढल्यावर तू पाण्यात उतरायला लागलीस का? बाबांना विचारलं की ते विषय बदलतात. त्यांना बहुतेक टाक्यांची भीती वाटते.

तुझी,
मुंगी


२३ जानेवारी

मुंगे,

तुझं अक्षर बघता तू डॉक्टर कशी झाली नाहीस याचं नवल वाटतं. तो शब्द मी आधी ‘गाभा’ वाचला. म्हटलं, वा, पोरगी अध्यात्माला लागली. मग भिंग घेतलं.

पाण्यात कधीच उतरले. मोठ्या माणसांचा नवा वर्ग सुरू झालाय. लहान पोरांना ढकललं तर ती हसत वर येतात, मोठी माणसं वर येऊन तक्रार करतात. या वेळी एक न्यायाधीश बाई आहेत. कोर्टात लोक त्यांच्यापुढे थरथरतात म्हणे, आणि त्या कमरेएवढ्या पाण्यापुढे. पहिल्या दिवशी काठाची नळी दोन्ही हातांनी धरून मला म्हणाल्या, ‘मला थोडी मुदत हवी.’ मी म्हटलं, ‘पुढची तारीख मिळणार नाही. डोकं आत घाला.’ घातलं. वर आल्या तेव्हा टोपी तिरकी झाली होती आणि चेहरा सात वर्षांच्या मुलीचा.

तुला पंपवाले आठवतात का? तलावाच्या खाली मशीनच्या खोलीत असतात, बायको गेल्यापासून मशीनशीच बोलतात. आमचं रोजचं ठरलेलं आहे. मी वरून ओरडते, पाणी गार आहे. ते जिना चढून येतात आणि म्हणतात, मॅडम, काटा बघा. मी म्हणते, काट्याला पोहायचं नाहीये, मला पोहायचंय. मग ते खाली जाऊन काहीतरी फिरवतात. काहीच फिरवत नसावेत, पण येतात तरी.

त्यांना कुठून तरी कळलं की मला रात्री झोप लागत नाही. परवा एक बाटली आणून दिली, औषधाच्या दुकानातून. नैसर्गिक, शांत झोप, सवय लागत नाही, असं बरंच काही छापलंय. आणि नाव बघते तर तुझंच ते गाबा. रोज दोन गोळ्या. झोपतेय ढाराढूर. म्हणजे तू तिकडे बशीत घालतेस आणि मी इकडे पोटात. घरातल्या दोन बायका एकाच कामाला लागल्या.

सहज एक विचारते. ते गाबा घातलं की वाढतं म्हणालीस, ते फक्त बशीत की माणसातही? आणि गाठ कापून काढली की संपलं ना? पंपवाल्यांना जाणून घ्यायचंय.

आत्या


५ फेब्रुवारी

आत्या,

पंपवाल्यांना माझा नमस्कार सांग. चांगले प्रश्न विचारतात, आमच्याकडे पाठव त्यांना.

माणसातलं नक्की कुणालाच माहीत नाही. बशीत आणि उंदरात दिसलंय तेवढंच. गाठ कापली की संपलं का, तर नाही. यकृतातल्या गाठीला परत उगवायची वाईट खोड आहे, म्हणून तर आमचं दुकान चालतं.

तुझ्या गोळ्यांचं वाचून मी ओट्यावर डोकं ठेवून हसले. बाईंनी विचारलं काय झालं, त्यांना वाचून दाखवलं, त्याही हसल्या, हे इथल्या इतिहासात पहिल्यांदा. खरं सांगू, यकृताची गाठ काढलेल्या कुणी माझ्यासमोर ती बाटली उघडली असती तर मी हातातून हिसकावून घेतली असती. पण तुझ्यात एक खडा होता, तोही गेला. तू खुशाल झोप. एकदा डॉक्टरांच्या कानावर घाल, बस.

न्यायाधीश बाई तरंगायला लागल्या की कळव.

मुंगी


२० फेब्रुवारी

आत्या,

उत्तर नाही. न्यायाधीश बाईंनी तुला आत टाकलं की काय? बाबांना विचारलं तर म्हणाले, ‘असेल कामात,’ आणि लगेच हवेबद्दल बोलायला लागले. दोन ओळी तरी टाक.

मुंगी


४ मार्च

मुंगे,

आधी बस. उभ्याने वाचू नकोस.

खडा नव्हता. यकृतात गाठ होती, मोठ्या लिंबाएवढी. गेल्या ऑक्टोबरात काढली, बरोबर यकृताचा एक तुकडाही गेला. तो म्हणे परत वाढतो, पालीच्या शेपटीसारखा. तरुणपणी कधीतरी बी प्रकारची कावीळ येऊन अंगात मुक्काम करून राहिली होती, मला पत्ताही नव्हता. तिने हे केलं असं सर्जन म्हणाले.

दादाला मी शपथ घातली होती. तू तेव्हा मुलाखती देत फिरत होतीस. आणि मग तुला नोकरी लागली ती नेमकी याच रोगाच्या खोलीत, तेव्हा म्हटलं आता तर मुळीच सांगायचं नाही. घरात सगळे माझ्याशी आवाज खाली आणून बोलायला लागले होते. मला तसाही तो ऐकू येत नाही, पण तोंडं दिसतात ना. तू एकटी होतीस जी मला ठोकर-नोकरीवरून चिडवत होती. तेवढं एक माणूस मला तसंच ठेवायचं होतं.

तुझं पत्र मी तलावाच्या पायरीवर बसून वाचलं. तुझी काही चूक नाही, हे आधी लिहून ठेवते, कारण तू आता रडणार आहेस. तू खडा काढलेल्या बाईला लिहिलंस, वाचलं दुसरीने. त्या दिवसापासून गोळी घेतली नाही. डॉक्टरांकडे मात्र अजून गेले नाही. जन्मभर लोकांना ‘डोकं आत घाला’ सांगत आले, आणि स्वतः नळी धरून उभी आहे.

पंपवाल्यांना मी गाठीचं काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी विचारलं, बाटली तशीच का? आणि माझ्या तोंडून सगळं गेलं. त्यांचा चेहरा असा झाला की मीच त्यांना पाणी दिलं. आता ते वर येत नाहीत. मी ओरडले, पाणी गार आहे, तर दुसऱ्या दिवशी पाणी गरम. भांडणच नाही. फार ओशाळवाणं वाटतं.

तर आता सरळ सांग, गोड करून नको. इतके दिवस मी त्या रोगाला खाऊ घातलं का?

आत्या


९ मार्च

आत्या,

रडून झालं. बाबांना फोन केला, ओरडायला. ते म्हणाले, ‘तिने शपथ घातली होती गं,’ आणि त्यांचा आवाज असा आला की मी काहीच ओरडले नाही. मग मी त्यांना जेवलात का ते विचारलं. ‘आमचं दुकान चालतं’ हे मी तुला लिहिलंय. ते वाक्य मला आता रोज ओटा पुसताना आठवतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, गोड न करता: माहीत नाही.

ते मी एकटीने ठरवलेलं नाही. तुझं पत्र घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी दार लावलं, खुर्ची ओढली आणि त्या खूप बोलल्या. पोटातून जे शोषलं जातं ते घेऊन रक्त आधी यकृतातूनच जातं, म्हणून ‘तिथे पोचतच नाही’ असं मी तुला सांगणार नाही. पण दोन गोळ्यांतलं किती पोचतं, पोचलेलं यकृत लगेच मोडून टाकतं की काय, हे कुणी नीट मोजलेलं आम्हाला सापडलं नाही. तुझ्या गाठीच्या पेशींना ती खिडकी होती का, तेही माहीत नाही, सगळ्या गाठींना नसते. आणि मुळात तुझी गाठ काढलेली आहे. जिथे गाठच नाही तिथे खाऊ घालणार कुणाला? एखादी पेशी मागे राहिली असेल तर, एवढाच तो प्रश्न आहे, आणि तो गोळ्यांच्या आधीही होताच. त्याचं उत्तर स्कॅन देतो, मी नाही आणि बाटलीही नाही.

बंद केलंस ते बरोबर केलंस. आता सर्जनकडे जा. बाटली घेऊन जा, लपवून काही सांगू नकोस, आणि ते काय म्हणतात ते कुणाला तरी ऐकायला बरोबर ने. तू निम्मं मनाने भरशील.

मी येऊ का? रजा मिळते.

आणि आवाज खाली आणणार नाही, काळजी करू नकोस. तुझं अक्षरही काही फार देखणं नाही.

मुंगी


१८ मार्च

मुंगे,

येऊ नकोस. आलीस तर काठावर बसून माझ्याकडे बघत राहशील, आणि माझा वर्ग बिघडेल.

गेले. दादाला घेऊन गेले. तो माझ्यापेक्षा पांढरा पडला होता, तिथल्या नर्सने आधी त्यालाच खुर्ची दिली. सर्जन तरुण आहेत, बाही दुमडून बसतात. मी बाटली टेबलावर ठेवली आणि तुझं सगळं सांगितलं, खिडकीसुद्धा. ते बाटली फिरवून फिरवून वाचत बसले. मग म्हणाले, ‘मला हे माहीत नव्हतं. वाचतो.’ मला माणूस आवडला. त्यांनी सांगितलं की त्यांना दाखवल्याशिवाय कुठलीही गोळी, पावडर, काढा काही घ्यायचं नाही, आणि पुढचा स्कॅन अलीकडे ओढला. एप्रिलच्या सुरुवातीला आहे.

मग झोपेचं विचारलं. दिवसभरात काय काय करता म्हणाले. मी म्हटलं, पहाटे तलाव, मग वर्ग, मग जेवण, मग जरा खुर्चीत डोळे मिटते. दादा म्हणाला, ‘जरा म्हणजे थेट संध्याकाळच्या वर्गापर्यंत. घोरते.’ सर्जन खो खो हसले. दुपारची झोप बंद केली आहे. तू म्हणशील एवढं साधं? मीही तेच म्हटलं. पहिले दोन-तीन दिवस वैतागात गेले, कुणावर तरी ओरडावंसं वाटायचं आणि ओरडायला पंपवाले नाहीत.

तेवढं एक काम कर. त्यांना लिही. मी दोनदा खाली जाऊन आले, तर ते गाळणी धूत बसलेले असतात आणि मान वर करत नाहीत. इतकी धुतलेली गाळणी मी आजवर पाहिली नाही. मी सांगितलेलं त्यांना पटत नाही, मी त्यांचं मन राखते असं वाटतं. तू त्या खोलीतली आहेस, तुझं ऐकतील.

आत्या


२४ मार्च

पंपवाले काका,

मी कोच मॅडमची भाची. लहानपणी तुमच्या खोलीतल्या मोठ्या चाकाला हात लावल्याबद्दल तुम्ही मला बाहेर काढलं होतं, तीच.

आत्याचं पत्र आलं तेव्हा पहिले दोन दिवस मला तुमचा राग आला होता. तिसऱ्या दिवशी मी आमच्या इथल्या औषधाच्या दुकानात गेले. तशाच बाटल्या, पुढच्या फळीवर, अगदी हाताशी. दुकानदाराला विचारलं, हे कुणी घेऊ नये असं काही आहे का? तो म्हणाला, निर्धास्त घ्या. मी याच रसायनावर काम करते म्हणून विचारलं, नाहीतर मीही घेऊन आले असते. तुम्हाला तर तिच्या आजाराची कल्पनाही दिलेली नव्हती. ती दिली नाही आत्याने, आणि मला खडा सांगितला तोही तिनेच. आपण दोघं एकाच बाकावर आहोत. फरक एवढाच की तुम्ही तिला झोप यावी म्हणून काही आणलंत, आणि मी तिची चेष्टा केली.

त्या गोळ्यांनी काही झालंय असं मला वाटत नाही. नक्की माहीत आहे का, तर नाही. तिलाही मी तेच लिहिलंय.

एक विनंती आहे. स्कॅनच्या दिवशी माझे बाबा तिच्याबरोबर जाणार आहेत आणि त्यांना तिथे चक्कर येते. डॉक्टर काय म्हणतात ते शांतपणे ऐकून नंतर तिच्या कानाशी मोठ्याने सांगणारं कुणीतरी हवं. मशीनच्या आवाजात वर्षानुवर्षं बोललेला माणूस तिच्या कानाला पुरतो, असं माझं मत आहे.

तुमची,
मुंगी


३० मार्च

चि. मुंगीबाईंस,

पत्र मिळालं. मला लिहायची सवय नाही, गोड मानून घ्यावं.

तुमच्या आत्याबाई आजारी आहेत हे मला ओळखता यायला हवं होतं. त्या पाणी गार आहे म्हणायच्या, मी काटा दाखवायचो. त्यांना खरंच थंडी वाजत होती. हे मनातून जात नाही.

आज सकाळी वर गेलो. त्या म्हणाल्या, ‘कोण आपण?’ मी म्हटलं, मॅडम, पाणी बरोबर आहे, काटा बघा. त्या म्हणाल्या, उकळतंय नुसतं, माणसं शिजतील. मग पुष्कळ बोलल्या. सगळा वर्ग पाण्यात उभा राहून ऐकत होता. बरं वाटलं.

त्या दिवशी मी जाणार. साहेबांना रजा सांगितली आहे.

पंपवाले


३ एप्रिल

आत्या,

स्कॅनच्या आधी हे पोचावं म्हणून घाईने लिहितेय.

काल आमची आठवड्याची बैठक होती. मी उभी राहिले आणि म्हटलं, गाबा आपण बशीत थेट ओततो, पण बाहेर माणसं ते गिळतात. गिळलेलं यकृतात किती पोचतं, आणि गाठीजवळ पोचून काही करतं का, हे आपण उंदरांमध्ये का बघत नाही? एक जण म्हणाला, हा प्रश्न आला कुठून? मी म्हटलं, माझ्या आत्याकडून. बाई म्हणाल्या, ‘आत्याला सांग, मंजूर.’ पुढच्या महिन्यात सुरू करतोय. काही उंदरांना गोळ्यांतल्यासारखं पाजणार, काहींना नुसतं पाणी. कोणाला काय दिलं ते गाठी मोजणाऱ्याला सांगणार नाही, म्हणजे कुणाला मनाने भरता येणार नाही.

उत्तर काय येईल ठाऊक नाही. काहीच होत नाही असंही येईल. मला वाटतं मला तेच उत्तर हवंय, आणि म्हणूनच मोजायला मी बसणार नाही, दुसऱ्या कुणाला बसवणार आहे.

जाऊन ये. लगेच लिही. फोन केलास तरी चालेल, मी ओरडेन.

मुंगी


१२ एप्रिल

मुंगे,

दादाने तुला फोन केला हे मला माहीत आहे, पण त्याने नीट सांगितलं नसणार. तो रडत होता.

आम्ही तिघं गेलो. बाहेरच्या बाकावर दादा माझ्या डाव्या हाताला आणि पंपवाले उजव्या. पंपवाल्यांनी लग्नाला घालतात तसा शर्ट घातला होता, घडी मोडलेली दिसत होती. मग त्यांनी भिंतीवरच्या वातानुकूलन यंत्राकडे बघून सांगितलं की याचा पंखा सैल झालाय. आत बोलावणं येईपर्यंत आम्ही त्या पंख्यावर बोललो. दादाही बोलला. इतकं छान बोलणं कितीतरी दिवसांत झालं नव्हतं.

सर्जननी पडद्यावर चित्रं लावली. मला त्यात ढग दिसत होते. ते बोलायला लागले, मला ओठ कळेनात, मी पंपवाल्यांकडे बघितलं. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, एकदा परत विचारलं, आणि मग माझ्या कानाशी येऊन, खालच्या खोलीत मोटर चालू असताना बोलतात त्या आवाजात म्हणाले, ‘मॅडम, स्वच्छ आहे. कुठे काही नाही. तुकडा परत भरून आलाय.’ दारातून दोन नर्स डोकावल्या. बाहेर बसलेल्या एका अनोळखी आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

सर्जन म्हणाले, तीन महिन्यांनी परत बघायचं, आणि मग परत. हे असंच चालणार. मी म्हटलं, चालू दे.

घरी आल्यावर तिघांनी चहा घेतला. जाताना पंपवाले दारात थांबले आणि म्हणाले, पुढच्या वेळचीही रजा आत्ताच सांगून ठेवू का? मी म्हटलं, सांगा. दादा माझ्याकडे बघायला लागला. त्याला म्हटलं, चहा संपव.

तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग आणि तुझ्या उंदरांचं नीट होऊ दे. दादा म्हणाला अशा कामाला वर्षं लागतात. लागू देत. घाईगडबडीत चुकीचं उत्तर नको आणि मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच नको. जे येईल ते लिही, वाईट आलं तरी.

मला वेळ आहे.

आत्या